खुबा दुखतोय? दहा सिटिंग दहा दिवसांत संपवू नका

ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या नावांखाली बऱ्याचदा एक ओळ असते: ‘फिजिओथेरपी, दहा सिटिंग.’ गोळी सकाळची की रात्रीची, हे औषधवाला पाकिटावर खुणा करून देतो. या शेवटच्या ओळीचं मात्र कुणीच काही सांगत नाही. मग घरी, शेजारी, सोसायटीच्या बाकावर चौकशी होते. ‘करंट देतात’, ‘पाय ओढतात, जीव जातो’, ‘आमच्या मेव्हण्याने सगळं केलं, शेवटी बॉल बदलावाच लागला.’ एवढ्या भांडवलावर माणूस दवाखान्यात हजर होतो, ओळीने दहा दिवस शेक घेतो आणि अकराव्या दिवशी म्हणतो, ‘तेवढ्यापुरतं बरं वाटलं हो.’

तेवढ्यापुरतंच वाटणार. खुब्याच्या फिजिओथेरपीत खरं काम स्नायूंचं असतं आणि कोणताही स्नायू दहा दिवसांत बळकट होत नाही. नियमित व्यायामाने फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणून पहिला सल्ला पैशांचा आणि वेळेचा: त्या दहा सिटिंग अडीच-तीन महिन्यांवर पसरा. पहिल्या पंधरवड्यात तीन-चार, मग आठवड्याला एक, पुढे पंधरा दिवसांनी एक. मधल्या दिवसांत व्यायाम घरी. प्रत्येक भेटीत आधीचे व्यायाम तपासून घ्यायचे, चुकत असतील ते सुधारायचे आणि पुढची पायरी घ्यायची. असं चालेल का, हे पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टला विचारा. रोज आलंच पाहिजे असा आग्रह असेल तर कारण विचारा. ते समजेल असं सांगता आलं पाहिजे. नुकतंच ऑपरेशन झालेल्यांची गोष्ट निराळी, त्यांना सुरुवातीला रोज भेट लागते.

हात कुठे जातो?

‘कंबर दुखते’ म्हणून आलेल्या माणसाला आम्ही फिजिओथेरपिस्ट आधी एवढंच सांगतो, की कुठे ते हात ठेवून दाखवा. या एका कृतीने अर्धी तपासणी होते.

खुब्याचा खरा सांधा शरीरात बराच खोल आणि पुढच्या बाजूला आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा ओटीपोटाच्या हाडातल्या खोबणीत बसतो. शाळेच्या पुस्तकात यालाच उखळीचा सांधा म्हटलेलं असतं. हा सांधा बिघडला की दुखतं ते जांघेत. काही जण अंगठा मागे आणि बोटं पुढे असा पंजा खुब्याभोवती धरून दाखवतात, तीही याच सांध्याची खूण. दुखणं मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरतं, कधी फक्त गुडघ्यातच जाणवतं, कारण दोन्ही सांध्यांना जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. गुडघ्याचे एक्सरे निर्मळ आणि तरीही गुडघा दुखतो, अशा वेळी कुणीतरी खुबा हलवून बघायला हवा. लहान मुलांच्या बाबतीत तर हे विसरूच नये. चार ते आठ वर्षांचं मूल लंगडत असेल, किंवा वयात येणारा, अंगाने जरा भरलेला मुलगा ‘गुडघा दुखतो’ म्हणत पाय बाहेर वळवून चालत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी खुब्याचा एक्सरे हवा, तोही त्याच आठवड्यात.

हात बाजूला, खिशाच्या थोडा मागे, हाडाच्या टेंगळावर गेला तर प्रकरण वेगळं. तिथे सांधा नाही, तिथे नितंबाच्या स्नायूंच्या कंडरा हाडाला येऊन चिकटतात. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये हे दुखणं फार दिसतं. त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना आणि रिक्षातून उतरताना कळ येते.

हात मागे, आपण बसतो त्या भागावर गेला आणि दुखणं गुडघ्याच्या खाली, पोटरीपर्यंत मुंग्यांसह उतरत असेल, तर संशय मणक्यावर जातो. अशा माणसाने खुब्याचे व्यायाम इमानेइतबारे केले तरी फारसं हाती लागत नाही.

या तीन दुखण्यांचे उपाय एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत, काही बाबतीत उलटे. म्हणून कुणाच्या तरी मोबाइलवर आलेला ‘खुबेदुखीसाठी पाच व्यायाम’ असा व्हिडिओ बघून सुरुवात करू नये. बाजूच्या दुखण्याचंच बघा. तिथे लोक हमखास पायावर पाय टाकून ताण देण्याचे व्यायाम करतात, आणि त्यानेच ती कंडरा हाडावर दाबली जाते. या दुखण्यात पायावर पाय टाकून बसणं, एका पायावर भार देऊन खुबा बाहेर काढून उभं राहणं आधी थांबवायचं. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. मग हळूहळू त्या स्नायूंना वजन पेलायला शिकवायचं. ऑस्ट्रेलियात अशाच २०४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. आठ आठवड्यांनी, या सवयी बदलून व्यायाम केलेल्यांपैकी शंभरात सुमारे ७७ जणांना स्पष्ट सुधारणा वाटत होती. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांत ५८, आणि नुसती वाट बघितलेल्यांत २९. वर्ष सरल्यावर, एकूण बरं वाटण्याच्या हिशेबात, इंजेक्शनवाले आणि वाट बघणारे यांच्यात फारसा फरक उरला नव्हता. इंजेक्शन वाईट असं नव्हे. पण त्याने मिळालेली उसंत व्यायामाला वापरली नाही तर ती वाया जाते.

पहिली भेट

वेळ काढून जा. नीट केलेली पहिली तपासणी पाऊण ते एक तास घेते. सैल पायजमा किंवा ट्रॅकपँट घाला. जीन्समध्ये किंवा साडीत खुबा नीट तपासता येत नाही. एक्सरेची फिल्म न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. चालू गोळ्यांची यादी न्या. तपासणीत पाय वेगवेगळ्या दिशांना वळवावा लागतो, जांघेजवळ हात लावावा लागतो. बायकांना संकोच वाटत असेल तर स्त्री फिजिओथेरपिस्ट मागावी, नाहीतर सोबत घरच्या कुणाला आत बसवावं. यात भीड बाळगण्यासारखं काही नाही.

प्रश्न बरेच विचारले जातील आणि ते असंबद्ध वाटतील. पायाची नखं कापता येतात का? मोजे घालताना पाय वर येतो का? मांडी घालून किती वेळ बसता? संडास इंडियन की कमोड? एसटीची पायरी चढताना कुठला पाय आधी टाकता? रात्री झोपमोड होते का? दुखण्याचं नाव एक्सरेतून कळू शकतं, पण ते माणसाच्या दिवसात कुठे अडतं ते या उत्तरांतून कळतं, आणि व्यायाम त्यावर ठरतात. ज्याला शेतात वाकून खुरपायचं आहे आणि ज्याला दादर स्टेशनचा पूल चढायचा आहे, त्या दोघांचा एक्सरे सारखा असला तरी त्यांचे व्यायाम सारखे असणार नाहीत.

दोन प्रश्न जरा टोचतील. पूर्वी कधी स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं होतं का, आणि दारू किती. खरं उत्तर द्या. खुब्याच्या गोल माथ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तिथलं हाड मरण्याचा एक आजार आहे, त्याला एव्हीएन म्हणतात. त्याच्या मोठ्या कारणांत ही दोन येतात. कोविडच्या लाटांनंतर, त्या काळात स्टेरॉइड घेतलेल्या तरुणांमध्ये हा आजार आपल्याकडेही दिसला. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात तिसरं कारण लक्षात ठेवावं लागतं, ते सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं. एव्हीएनच्या सुरुवातीला साधा एक्सरे अगदी स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयमध्ये ते दिसतं. व्यायामाने तो रक्तपुरवठा परत सुरू होत नाही; होतो असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. तिथे फिजिओथेरपीचं काम सांध्यावरचा भार कमी करणं, हालचाल टिकवणं आणि ऑपरेशन झालंच तर त्याआधी व त्यानंतर पाय तयार ठेवणं, एवढंच आहे. तेही थोडं नाही.

आणखी एक वेगळी टोळी असते, चाळिशीच्या आतल्यांची. सकाळी उठल्यावर अंग अर्धा तास, तासभर आखडलेलं असतं, पहाटे दुखण्याने जाग येते आणि हालचाल केली की बरं वाटतं. त्यांना आम्ही संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवतो. फिजिओथेरपिस्टने परत डॉक्टरांकडे पाठवलं तर ‘यांना जमलं नाही’ असा अर्थ काढू नका. ताप आणि खुबेदुखी एकत्र, पडल्यानंतर पायावर भारच देता न येणं, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असणं, रात्रंदिवस सारखंच ठणकणं: यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग आम्ही.

मग तपासणी. चालून दाखवा, एका पायावर तीस सेकंद उभे राहा, खुर्चीतून हात न लावता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजू. एका पायावर उभं राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकली तर भाराच्या बाजूचे नितंबाचे स्नायू दुबळे. फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन सर्जनने १८९५ साली सांगितलेली ही खूण आजही कुठल्याही यंत्राशिवाय बघता येते. झीज झालेल्या खुब्यात पाय आत वळवण्याची हालचाल बहुधा सगळ्यात आधी कमी होते, तीही मोजली जाते. हे आकडे लिहून घेतले जातात की नाही, ते बघा आणि स्वतःच्या वहीतही उतरवून घ्या. दुखणं रोज कमी-जास्त होतं, त्यावरून काही ठरत नाही. खुर्चीतून आठ वेळा उठणारा माणूस दोन महिन्यांनी बारा वेळा उठला, तर त्याला कुणी ‘फरक पडला का हो?’ असं विचारायची गरज नाही.

करंट आणि शेक

पेशंटची यंत्रांवर मोठी श्रद्धा असते आणि दवाखान्यांनाही ती सोयीची असते. पेशंट पंधरा मिनिटं मशीनवर असतो तेव्हा फिजिओथेरपिस्ट दुसऱ्याकडे बघू शकतो. पण खुब्याच्या झिजेवर अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल करंट, लेझर, शॉर्टवेव्ह यांचा उपयोग होतो याला पुरेसा आधार नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी अशी विजेची उपकरणं देऊच नयेत असं सांगितलं, आणि व्यायाम सगळ्यांना द्यावा असंही. गरम पाण्याच्या पिशवीने बरं वाटतं ना? मग ती घरी घ्या, त्यासाठी रिक्षाभाडं कशाला? फक्त पेसमेकर असेल किंवा खुब्यात स्क्रू, पट्टी, बदललेला सांधा असं काही धातूचं असेल, तर यंत्र लावण्याआधी ते मोठ्याने सांगा. शॉर्टवेव्हसारखा शेक तिथे चालत नाही.

हाताने पाय हलक्या ओढीने सैल करणं, सांधा हलवून देणं याने काही जणांना थोडा वेळ मोकळं वाटतं. ते चालेल. त्या मोकळ्या वेळात व्यायाम उरकून घ्यायचा. हाडवैद्याकडून झटका देऊन ‘सरकलेलं बसवून घेणं’ मात्र खुब्याला धोक्याचं आहे. खुबा असा जाता-येता सरकत नाही, आणि ठिसूळ हाडाच्या म्हाताऱ्या माणसाचं हाड झटक्याने मोडू शकतं.

व्यायाम कसला, आणि दुखलं तर?

नावं साधी आहेत. उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं. निरोगी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचलणं. खुर्चीतून उठणं-बसणं. जिन्याच्या खालच्या पायरीवर चढणं-उतरणं. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. पहिल्या दिवशी हे इतकं क्षुल्लक वाटतं की ‘यासाठी पैसे घेता?’ हा प्रश्न चेहऱ्यावर उमटतो. खुबी करण्याच्या रीतीत आहे. कुशीवर पाय उचलताना शरीर मागे कललं की काम मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जातं आणि जो स्नायू जागा करायचा तो झोपलेलाच राहतो. घरी ही चूक आपली आपल्याला दिसत नाही, ती दाखवायला सिटिंग. पहिल्याच दिवशी आपल्या मोबाइलवर आपला व्यायाम चित्रित करून घ्या. कागदावरच्या चित्रापेक्षा ते शंभर पटीने उपयोगी.

बळकटीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात, मधला दिवस स्नायूला विश्रांतीचा. चालणं आणि सांधा मोकळा करण्याच्या हलक्या हालचाली रोज. आणि हे सोपं वाटायला लागलं की वाढवायचं: आधी संख्या, मग पायरीची उंची, मग घोट्याला वजन. महिनाभर तोच व्यायाम तितकाच करत राहिलात तर प्रगती तिथेच थांबते, आणि ‘फिजिओथेरपीचा उपयोग नाही’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच अडलेलं असतं.

दुखण्याची भीती हा सगळ्यात मोठा अडथळा. ‘झिजलेला सांधा वापरला तर आणखी झिजेल’ असं समजून माणूस चालणं कमी करतो, स्नायू आणखी सुकतात, सांध्यावरचा भार वाढतो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम चालतो, सहा आठवडे, देखरेखीखाली बारा सत्रं. तो आता इतर देशांतही गेला आहे. त्यात दुखण्याला शून्य ते दहा गुण देतात. व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तर हरकत नाही, मात्र चोवीस तासांत ते नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर व्यायाम बंद करायचा नाही, मात्रा कमी करायची. पहिले दोन आठवडे थोडं जास्त दुखणं अपेक्षितच आहे, ते कुणी आधी सांगितलं नाही म्हणून लोक तिसऱ्या सिटिंगनंतर गायब होतात. तीव्र कळ, सांधा अडकणं, पाय अचानक सटकल्यासारखा वाटणं हे मात्र त्याच दिवशी कळवायचं.

काठी कुठल्या हातात

याविषयी जरा जास्त लिहितो, कारण इतका स्वस्त आणि इतका टाळला जाणारा उपाय दुसरा नाही.

उजव्या पायावर उभं राहिलं की शरीराचं बाकी वजन डावीकडे झुकायला बघतं. ते तोलून धरायला उजव्या नितंबाच्या स्नायूला जोर लावावा लागतो, आणि तो सांध्याच्या अगदी जवळून ओढत असल्याने वजनाच्या जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो. वजन अधिक स्नायूची ओढ मिळून चालताना प्रत्येक पावलाला खुब्यावर वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाच्या खुब्यावर पावणेदोनशे-दोनशे किलो. यावरून दोन गोष्टी कळतात. पाच किलो वजन उतरवलं तर खुब्याला बारा-पंधरा किलोची सुटका मिळते. आणि उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. डावीकडे झुकणारं वजन काठी लांबून पेलते, त्यामुळे उजव्या स्नायूला कमी ओढावं लागतं. थोडासा दाब दिला तरी सांध्यावरचा भार बराच उतरतो. दुखऱ्या बाजूच्या हातात काठी धरली की हा फायदा बहुतेक जातो, तरीही रस्त्यावर बरेच जण तशीच धरतात.

काठीची उंची: बूट-चप्पल घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा, मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यावी. टोकाला रबरी बूच, झिजलं की बदलायचं. पाऊल टाकताना दुखरा पाय आणि काठी बरोबर. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. काही गृहस्थ काठीची लाज वाटते म्हणून बारा महिने छत्री घेऊन हिंडतात. छत्रीचं टोक ओल्या फरशीवर सटकतं आणि तिची लांबी तुमच्यासाठी मोजलेली नसते. लंगडत चालण्यापेक्षा काठीने सरळ चालणारा माणूस तरुण दिसतो, हे माझं प्रामाणिक मत.

मांडी, पाट, संडास

मांडी घालणं सोडावं का? सरसकट उत्तर नाही. ज्याला विनासायास घालता येते त्याने ती हालचाल टिकवावी. उठताना जांघेत कळ येत असेल, पाय पूर्ण मोडत नसेल, तर पूजेला पाटाऐवजी स्टूल आणि पंगतीला खुर्ची घ्यावी. काही तरुणांत खुब्याच्या हाडाच्या ठेवणीमुळे माथा आणि खोबणीची कड एकमेकांवर घासतात. अशांना उकिडवं बसणं, खोल सोफ्यात रुतणं, खूप वेळ दुचाकी चालवणं जांघेत टोचतं. अशा वेळी गुडघे खुब्याच्या खाली राहतील अशी उंच बैठक, गाडीत सीटवर उशी, जिममध्ये अर्धीच बैठक, एवढ्या बदलांवर बरीच मजल मारता येते. इंडियन संडासाला पर्याय म्हणून मध्ये भोक असलेली कमोडची खुर्ची मिळते. भाड्याच्या घरात तोडफोड करावी लागत नाही.

व्यायामाची तीन महिने मनापासून मेहनत घेतली, काठी वापरली, वजन थोडं उतरवलं, आणि तरीही रात्रीची झोप जाते, घराबाहेर पडणं बंद झालं आहे, वहीतले आकडे हललेले नाहीत: मग सर्जनशी बोलायची वेळ झाली. व्यायाम वाया गेला असं नाही. ताकद असलेला पाय ऑपरेशननंतर लवकर उभा राहतो. वॉकर कसा धरायचा, पलंगावरून कसं उतरायचं, हे आधीच शिकून ठेवलेल्या माणसाला पहिले चार दिवस फार हलके जातात.

पूर्ण खुबा बदलल्यावर बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. टाचा वर-खाली हलवणं, मांडी आणि नितंब आवळणं, वॉकरने संडासापर्यंत जाणं इथून सुरुवात होते. मागच्या बाजूने सांधा उघडून ऑपरेशन केलं असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे तीन पथ्यं सांगतात: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. म्हणजे जमिनीवर बसणं बंद, खुर्ची आणि कमोड उंच, खाली पडलेलं दुसऱ्याने उचलायचं, चप्पल बिनपट्ट्याची. पुढून किंवा बाजूने केलेल्या ऑपरेशनची पथ्यं वेगळी असतात, म्हणून शेजारच्या काकांची यादी वापरू नका, आपल्या सर्जनकडून आपली लिहून घ्या. पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, जखमेतून पाणी येणं, किंवा एकदम जोराची कळ येऊन पाय आखूड आणि वळलेला दिसणं, यातलं काही झालं तर फिजिओथेरपिस्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

जायचं कुठे, हाही प्रश्न असतोच. बीपीटी किंवा एमपीटी ही पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला हरकत नाही. पंधरा दिवसांचा मसाजचा कोर्स केलेला माणूस फिजिओथेरपिस्ट नसतो. खासगी दवाखाना परवडत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि फिजिओथेरपी कॉलेजांचे बाह्यरुग्ण विभाग बघा. मुंबईत केईएम आणि हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. रांग लागते, पण कॉलेजात विद्यार्थी तपासतात म्हणून नाक मुरडू नका. ते वेळ देतात आणि त्यांच्या मागे शिक्षक उभे असतात.

शेवटी घरातल्या आजी-आजोबांविषयी. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन ‘बॉल बसवला’. मग पोरंसुना प्रेमाने सांगतात, ‘आजी, आता आराम करा.’ हाच आराम घात करतो. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायातलं बळ आठवड्यात निम्म्यावर आल्यासारखं वाटतं, आणि पडण्याआधी चालत देवळात जाणारी बाई कायमची पलंगाला खिळते. म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट उठवायला आला आणि आजी कण्हल्या, तर त्याला परत पाठवू नका. उठवण्याआधी अर्धा-पाऊण तास दुखण्याची गोळी मिळेल अशी वेळ नर्सशी बोलून ठरवा, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं उभं करा, जेवण पलंगावर न देता खुर्चीत द्या. घरी आल्यावर तोल सांभाळण्याचे व्यायाम चालू ठेवा, न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवा, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा, फाटक्या सपाता फेकून द्या. आणि डॉक्टरांना आवर्जून विचारा, की हाडं बळकट करण्याचं औषध सुरू करायचं का. मोडलेला खुबा दुरुस्त होतो आणि हाडांच्या ठिसूळपणाकडे कुणी बघत नाही, म्हणून दोन वर्षांत दुसऱ्या बाजूचाही मोडतो, हे आम्हाला नको तितक्या वेळा बघावं लागतं.